स्टेजची भीती जाते म्हणजे नेमकं काय होतं?

डिसेंबर-जानेवारीत सिंधुदुर्गात दोन हंगाम एकाच वेळी चालू असतात, एक जत्रांचा आणि दुसरा शाळांच्या गॅदरिंगचा. रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. दिवसा शेतात, गवंडीकामावर किंवा रिक्षावर असणारा माणूस मुकुट चढवून तासन्‌तास बोलतो आणि त्यातलं एकही वाक्य कुणी लिहून दिलेलं नसतं. त्याच गावच्या शाळेत सातवीतली एखादी मुलगी ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत खणखणीत येते आणि पुढे गप्प होते. घरी झोपेतून उठवून विचारलं तरी भाषण तिला पाठ असतं. पालक हळहळतात. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतं, “ता रगतातच असूक व्हया.”

हे उत्तर सोयीचं आहे, म्हणून टिकलंय. रक्तातच नसेल तर कुणाला काही करायला नको. पण भीती कशी तयार होते आणि कशी उतरते, यावर गेल्या शंभर वर्षांत बरंच काम झालंय, आणि त्यातून दिसणारं चित्र वेगळं आहे.

## अंगात काय चालतं

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक भाग असतो, अमिग्डाला नावाचा. धोका हेरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. धोका आहे असा इशारा तिथून गेला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रिनलिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतात आणि शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या तयारीचं सविस्तर वर्णन केलं.

स्टेजवरची सगळी लक्षणं या तयारीतून येतात. हातापायांच्या मोठ्या स्नायूंना रक्त हवं म्हणून छाती धडधडते. कातडीकडचं रक्त कमी होतं म्हणून बोटं गार पडतात. जेवण पचवणं त्या घडीला बिनमहत्त्वाचं, म्हणून लाळ आटते आणि पोटात गोळा येतो. स्नायू ताणलेले असतात पण त्यांना पळायचं तर नसतं, म्हणून कागद धरलेला हात थरथरतो. यातलं काहीही आजाराचं लक्षण नाही. समोर बिबट्या असता तर हेच सगळं उपयोगी पडलं असतं.

विसरण्याचंही कारण इथेच आहे. पुढचं वाक्य जुळवणं, आत्ता कुठे आलो ते ध्यानात ठेवणं ही कामं कपाळामागचा मेंदू करतो, आणि ताण वाढला की तो मंदावतो. भाषण मेंदूतून निघून गेलेलं नसतं. म्हणून तर खाली उतरून भावाशेजारी बसलं की ते धडाधड आठवतं आणि रडू आणखी वाढतं.

## पण समोर बिबट्या कुठे आहे? माणसंच आहेत ना!

माणसंच आहेत, हीच तर अडचण आहे. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली संशोधकांनी प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची एक पद्धत बसवली. ती आज जगभर वापरतात. तिच्यात विजेचे झटके नाहीत, साप नाहीत. माणसाला परीक्षकांसमोर उभं करून पाच मिनिटं बोलायला लावतात आणि मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायला सांगतात. १००९, ९९६, ९८३... चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांनी चेहरा कोरा ठेवायचा, हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीर सोडतं ते आणखी एक द्रव्य, एवढ्यानेच चांगलंच चढतं.

पुढे २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ प्रयोगांचा आढावा घेतला. सगळ्यांत जास्त ताण कशाने येतो? दुसरे आपली पारख करताहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की. हजारो वर्षं माणूस टोळीच्या आधारावर जगला. चारचौघांनी नापसंत करणं त्याला परवडणारं नव्हतं.

आता यात एक गंमत आहे. लोक आपल्याकडे जेवढं बघतात असं आपल्याला वाटतं, तेवढं ते बघत नसतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवायचे. त्याचा अंदाज असायचा की निम्म्या तरी लोकांनी ते चित्र ओळखलं असणार. खरं तर जेमतेम चौथा हिस्सा लोकांनी ओळखलेलं असायचं. छातीतली धडधडही बाहेर दिसत नाही, आपल्यालाच तेवढी ऐकू येते. २००३ च्या एका प्रयोगात काही वक्त्यांना भाषणाआधी एवढंच सांगितलं, की तुमची भीती तुम्हाला वाटते तेवढी लोकांना दिसत नाही. त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली, असं ऐकणाऱ्यांनीही सांगितलं.

यावर गावाकडचा वाचक म्हणेल, ते अमेरिकेत ठीक आहे. इथे खोलीतला प्रत्येक माणूस मला ओळखतो. मी कुणाची सून, कुणाचा झील, हे सगळ्यांना ठाऊक. फजिती झाली तर एसटी स्टँडवर चार दिवस तोच विषय. ही हरकत खरी आहे आणि ती उडवून लावू नये. गावात अनोळखी होण्याची सोय नसते, त्यामुळे चुकीची किंमत शहरापेक्षा जास्त पडते. फक्त ती किंमत किती, हे आपण घाबरलेल्या डोक्याने ठरवतो आणि कधी तपासत नाही. चार दिवस? बघायला हवं.

## भीती पुसली जात नाही

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलावर केलेलं काम प्रसिद्ध झालं. पीटर सशाला घाबरायचा. त्यांनी त्याला समजावलं नाही की धीर दिला नाही. तो आवडीचं खात बसला की पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आणायचा, हळूहळू जवळ. मधे तो बिथरला की ससा पुन्हा मागे. सशाला न घाबरणारी मुलंही आसपास असायची. शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला. भीतीच्या गोष्टीला असं ठरवून, बेताबेताने सामोरं जाण्याला आज एक्स्पोजर म्हणतात, आणि भीतीवरच्या मानसोपचाराचा तो कणा आहे.

पीटरच्या डोक्यातली भीती पुसली गेली, असं बराच काळ मानलं जाई. आता तसं मानत नाहीत. जुनी आठवण तशीच राहते आणि तिच्या शेजारी एक नवी तयार होते, ‘ससा होता आणि मला काही झालं नाही’ अशी. पुढच्या वेळी ससा दिसला की दोघींत चढाओढ लागते. मिशेल क्रास्क यांच्यासारख्या संशोधकांनी उपचारांची मांडणी याच पायावर नव्याने केली आहे.

खळ्यातून शाळेकडे जाणारी जुनी पाणंद आणि करवंदीच्या जाळ्यांतून नव्याने पाडलेली पायवाट डोळ्यांसमोर आणा. नवी वाट पाडली म्हणून जुनी मोडत नाही. पाय सवयीने तिकडेच वळतात. नवी वाट रोज तुडवली तर रुळते, आणि पावसाळाभर कुणी गेलं नाही तर दसऱ्याला ती शोधावी लागते. गॅदरिंगला वर्षातून एकदाच स्टेजवर चढणाऱ्या मुलीचं नेमकं हेच होतं. मागच्या वर्षी तिने छान भाषण केलं होतं, मग या वर्षी काय झालं, असं शिक्षक विचारतात. मधे एक आख्खं वर्ष गेलं, एवढंच झालं.

दुसरी गोष्ट जागेची. नवी आठवण ज्या खोलीत, ज्या माणसांसमोर तयार झाली तिथेच ती पटकन हाताशी येते. जागा बदलली की जुनी भीती पुन्हा पुढे येते. म्हणून आरशासमोर शंभर वेळा म्हटलेलं भाषण सभागृहात दगा देतं. आरशासमोर बोलायची भीती मुळात कुणाला नव्हतीच.

आणि तिसरी, जी मला सगळ्यांत कामाची वाटते. नवी आठवण तयार व्हायला भीती कमी व्हावी लागत नाही. आपलं भाकीत खोटं ठरावं लागतं. ‘मी दोन वाक्यांत अडखळेन आणि सगळे हसतील’ असं स्टेजवर जाण्याआधी कागदावर लिहून ठेवायचं. उतरल्यावर तपासायचं. अडखळलात का? किती जण हसले? हात शेवटपर्यंत कापत होते आणि तरीही कुणी हसलं नाही, तर शिकणं झालं. ‘आधी भीती जाऊ दे, मग बोलेन’ म्हणणारे म्हणूनच वर्षानुवर्षं थांबून राहतात.

## दशावतारी नट घाबरत कसे नाहीत?

घाबरतात. पण त्यांच्या कलेच्या रचनेतच वरच्या सगळ्या गोष्टी आयत्या आहेत, कुणी मानसशास्त्र न वाचता.

लिखित संहिता नसते. नाटकाआधी रंगपटात आख्यान ठरतं, कोण कुठला राजा, कोण ऋषी, युद्ध कुठल्या प्रसंगावर. बाकी संवाद जागेवर. नटाला कथा ठाऊक असते, वाक्य नाही, त्यामुळे वाक्य विसरण्याचा प्रश्नच येत नाही. अडलाच तर समोरचा नट प्रश्न टाकतो, पेटीवाला पद धरतो, पखवाज बोलतो, तेवढ्यात वाट सापडते. शाळेतल्या भाषणात यातलं काहीच नाही. शब्दन्‌शब्द पाठ, एक शब्द निसटला की पुढचे सगळे अडले, आणि मदतीला कुणी नाही. पाठांतराची भाषणस्पर्धा ही घाबरणाऱ्या मुलांसाठी शोधून काढलेली सगळ्यांत अवघड परीक्षा आहे, असं माझं मत आहे. मुद्दे माहीत असू द्यावेत, वाक्यं मुलांची असू द्यावीत.

शिवाय दशावतारी कंपनी जत्रांच्या हंगामात आज या गावी तर उद्या त्या गावी. जागा रोज बदलते, प्रेक्षक रोज नवे, आणि मधे खंड नाही. नव्या आठवणीला याहून चांगलं खतपाणी मिळणार नाही.

भजनाचंही तसंच. बुवा पुढे गातो, बाकीचे मागून धरतात. दहा वर्षांचा पोर झांज घेऊन कोपऱ्यात बसतो. त्याचा आवाज त्या गजरात कुणालाच वेगळा ऐकू येत नाही, आणि तरी तो चारचौघांत गात असतो. गणपतीत घरोघरच्या आरत्या, मग वाडीच्या भजनात एखादा अभंग, मग कधीतरी पेटी पुढे येते. त्यातला एखादा पुढे डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला बसतो. रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी या लोककलांतही नाचणाऱ्यांच्या रांगेतून पुढे येण्याची अशीच सोय आहे.

ही सोय वर्षानुवर्षं बहुतेक मुलग्यांनाच होती. दशावतारात बाईचं सोंगही परंपरेने पुरुषच घेत आले. बायकांना फुगडी होती, मंगळागौर होती, पण ती बायकांतच, माईकशिवाय. मग २०११ साली महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांसाठी पन्नास टक्के जागा राखीव झाल्या आणि जिने कधी वाडीच्या बैठकीत तोंड उघडलं नव्हतं ती थेट ग्रामसभेच्या अध्यक्षपदी. ती गप्प बसली की ‘बायकांना जमत नाही’, आणि शेजारच्या खुर्चीवरून नवरा बोलणार. तिला मधल्या पायऱ्या कुणी दिल्या होत्या? बचत गटांनी आणि महिला भजन मंडळांनी आता त्या काही प्रमाणात बांधल्या आहेत. गटाच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवणं ही पहिली पायरी म्हणून उत्तम आहे.

## काहीतरी नवं धाडस केलं तर भीती जाईल का?

सल्ला देणारे हल्ली सर्रास सांगतात, ‘कम्फर्ट झोन’मधून बाहेर या, काहीतरी थरारक करा. मालवण-तारकर्लीला येऊन स्कूबा डायव्हिंग करणारे कितीतरी जण वर आल्यावर म्हणतात, आता मला कशाचीच भीती नाही. उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकणं, मग प्रशिक्षकाबरोबर खाली जाणं, हा अनुभव मोठा आहे यात शंका नाही. पण परत गेल्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड उघडतं का?

थोडाफार फायदा होतो. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सगळ्यांत जास्त कशाने वाढत असेल तर स्वतः काहीतरी करून दाखवल्याने. धडधडत्या छातीनेही काम होतं, हे पाण्याखाली कळतं आणि ते पुढेही उपयोगी पडतं. मात्र मासे कुणाची पारख करत नाहीत. समुद्राने समुद्राची भीती जाते, लोकांची भीती लोकांसमोरच जाते. तेव्हा नवं जे करायचं त्यात दुसऱ्यांनी आपल्याकडे बघण्याचा अंश हवा, थोडा का होईना. वाचनालयाच्या कार्यक्रमात आभार मानणं, लग्नात एक मंगलाष्टक म्हणणं, क्रिकेटच्या सामन्यात दोन षटकं कॉमेंट्री करणं. शेवटचं तर कोकणात अगदी स्वस्त आहे. मैदानावर माईक सतत चालूच असतो आणि सगळ्यांचं लक्ष चेंडूकडे असतं.

किती मोठ्या गर्दीसमोर सुरुवात करावी? रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की बघणारे असले की अंगवळणी पडलेलं काम सुधारतं आणि नवखं काम बिघडतं. चार वर्षांनी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवर तपासलं. खरंच. बघायला दुसरी झुरळं असली की सरळ वाटेवर झुरळ वेगात पळायचं आणि वळणाच्या वाटेवर त्याला जास्त वेळ लागायचा. म्हणजे काम नवं तर माणसं थोडी, काम जुनं झालं की माणसं वाढवा. दोन्ही एकदम नवं करायला जाऊ नये.

## ‘शांत हो’ म्हणून शांत होता येतं का?

सहसा नाही. अॅड्रिनलिन एकदा सुटलं की त्याला मागे बोलावता येत नाही. अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे मजेचे आहेत. लोकांना अनोळखी माणसांसमोर कराओकेवर गाणं म्हणायचं होतं. काहींना आधी ‘मी घाबरलोय’ असं म्हणायला लावलं, काहींना ‘मला हुरूप आलाय’ असं. हुरूपवाले जास्त सुरात गायले. भाषणाच्या प्रयोगातही ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ते सरस ठरले. भीतीत आणि हुरुपात शरीर जवळपास सारखंच वागतं, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे सरकणं शांत होण्यापेक्षा सोपं जातं. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला तर हृदयाचे ठोके थोडे उतरतात. तेवढं जरूर करावं.

मात्र आधारांपासून सावध. मान वर न करता कागदात बघून वाचणं, संपवायच्या घाईने भरभर बोलणं, पाणी पीत राहणं. यांनी त्या वेळेपुरतं निभावतं, पण श्रेय त्यांनाच जातं, ‘कागद होता म्हणून वाचलो’. भाकीत खोटं ठरलं असं मेंदूला वाटतच नाही. ‘थोडी घेऊन’ चढणारेही याच जातीचे. त्या धिटाईतलं सकाळपर्यंत फारसं काही उरत नाही.

गोळीचंही लोक विचारतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं धडधड आणि थरथर कमी करतात आणि काही वादक, गायक ती घेतात. पण दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

## काही जण जन्मतःच बोलके असतात, त्याचं काय?

असतात. स्वभावाचा काही भाग आईबापांकडून येतो, हे संशोधनही नाकारत नाही. पण सुरुवात कुठून झाली त्यावर शेवट ठरत नाही. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, दुसरा वकील करायला सांगितलं आणि घेतलेली फी परत केली. १८९३ मध्ये प्रिटोरियात तिथल्या भारतीयांच्या बैठकीत त्यांनी आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं, तेव्हा गाव नवं होतं, माणसं नवी होती आणि व्यापारातला खरेपणा हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता.

भीती मात्र सहा-सहा महिने टिकत असेल, तिच्यापायी परीक्षा, नोकरी, लग्नकार्य टाळलं जात असेल, तर तो लाजाळूपणा नव्हे. मानसोपचारात त्याला नाव आहे आणि उपचारही आहेत. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

## मुलांना ढकलावं का?

ढकलू नये, पण सोडवूही नये. रडणाऱ्या मुलाला स्टेजवर उचलून ठेवलं तर त्याला एवढंच कळतं की परिस्थिती आपल्या हातात नाही, आणि ताण कशाने वाढतो ते वर आलंच आहे. त्याचं नाव यादीतून काढून टाकलं तर सुटका झाल्याचा जो आनंद होतो, तो भीतीला आणखी घट्ट करतो. पीटरचा ससा आठवावा. अंतर कमी-जास्त करायचं, खोली सोडायची नाही. भाषण नको तर पाहुण्यांना फूल देऊ दे, तेही नको तर पडदा ओढू दे. पुढच्या महिन्यात पुन्हा काहीतरी, पुढच्या वर्षी नव्हे.

मोठ्यांसाठी ग्रामसभा आहे. बहुतेक गावांत ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होते, त्यामुळे मधे फार खंड पडत नाही. पहिल्या वेळी उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि एक वाक्याचा प्रश्न विचारायचा, नळपाणी योजनेचं काम कुठवर आलं? घरून निघताना भाकीत लिहिलेला कागद खिशात असू द्यावा. उत्तर धड मिळालं नाही तर पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो, आणि आमच्याकडचा अनुभव असा की तो विचारावा लागतोच.